खिशातील चाकू

कामगार आपल्या अवजारांना हत्यारेच म्हणतो; पोलिसांच्या पंचनाम्यातही शब्द तोच. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत वायर सोलणारा घडीचा चाकू हातपिशवीतून जवळच्याच विमानतळावर गेला की शस्त्र ठरतो. विमानातील या बंदीबद्दल आमची तक्रार नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर ती कोण करील? प्रश्न आहे तो रस्त्याचा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियम ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकूच शस्त्रांत गणतात, आणि घरगुती कामासाठी, शेतीसाठी वा उद्योगासाठी घडविलेला त्यातूनही वगळतात. उलट १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली चाकूच काय, साध्या काठीवरही बंदी घालता येते! असे आदेश वारंवार निघतात. मोसंबीचे कलम बांधणाऱ्या माळ्याने ते वाचावेत तरी केव्हा? खटक्याचा रामपुरी बाळगणाऱ्या गुंडाची गय करा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु पुढील आदेश काढताना पोलीस आयुक्तांनी धंद्याची हत्यारे स्पष्ट शब्दांत वगळावीत, आणि झडतीत चाकू निघालेल्या माणसाला प्रथम त्याचा धंदा विचारण्याची ताकीद शिपायांना द्यावी, अशी आमची मागणी आहे.