निर्दोषाचा नमुना

२००१ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे ११ वर्षांच्या एका मुलास जबरी चोरीच्या प्रयत्नाच्या आरोपावरून अटक झाली. (आमच्या शाळेत या वयाचा मुलगा सहावीत असतो.) मुलगा निर्दोष सुटला, पोलिसांनी घेतलेला त्याच्या डीएनएचा नमुना मात्र सुटेना! अखेर २००८ साली स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने अशी सरसकट साठवण खासगी जीवनाच्या हक्काचा भंग ठरविली. बोटाचा ठसा ज्याचा त्याचा. डीएनए मात्र भावंडांचा, चुलत्यांचाही माग देतो. वाचकहो, आपल्याकडे २०२२ च्या कायद्यान्वये जैविक नमुन्यांच्या नोंदी ७५ वर्षे ठेवता येतात. पूर्वी शिक्षा न झालेला इसम निर्दोष सुटल्यास त्या नष्ट कराव्यात, असे त्यात आहे खरे. परंतु न्यायालयाने लेखी कारणे देऊन अन्यथा फर्माविले, तर त्याही राहतात.