केबल घेण्याआधी पाठ बघा

दुकानात जाण्याआधी एवढं करा. होम थिएटरचा रिसीव्हर भिंतीपासून जरा पुढे ओढा आणि मोबाइलने त्याच्या पाठीचा फोटो काढा. डिस्क प्लेअरचाही काढा. म्हणजे कोणी नको ती वायर गळ्यात मारणार नाही.

दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर तेच लावा. प्लेअर आधी रिसीव्हरला, मग रिसीव्हर टीव्हीला. बरेच जण प्लेअर थेट टीव्हीला लावतात आणि तिथून ‘एआरसी’ने आवाज रिसीव्हरला आणतात. चित्र छान दिसतं. पण साध्या एआरसीतून ब्लू-रेचा अस्सल ट्रूएचडी आवाज पुढे जात नाही. त्यासाठी पैसे मोजलेत, मग वाटेत कशाला सांडता?

रिसीव्हर जुना आहे, एचडीएमआय नाही? हरकत नाही. ऑप्टिकल किंवा कोअॅक्सियल, दोन्हीकडे जे असेल ते जोडा. डॉल्बी डिजिटल आणि डीटीएसचा 5.1 आवाज यातून व्यवस्थित येतो. ऑप्टिकलच्या टोकांवरची इवलीशी प्लास्टिकची टोपणं आठवणीने काढा. ही वायर कपाटामागे दाबून मोडू नका. तिच्यातून वीज नव्हे, प्रकाश जातो.

एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) ऐकणाऱ्यांनी मात्र या दोन वाटांवर विसंबू नये. एचडीएमआय नसेल, तर दोन्हीकडे 5.1 अॅनालॉगच्या सहा पिना आहेत का बघा.

सगळं जोडलं, तरी मागचे स्पीकर गप्प? वायर बदलायला धावू नका. प्लेअरच्या मेनूत डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर असेल, तर ऑप्टिकलमधून दोनच चॅनल निघतात. ते ‘बिटस्ट्रीम’ करा. रिसीव्हरच्या पट्टीवर ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘डीटीएस’ उमटलं की समजा, जमलं. एचडीएमआय जोडलंय आणि डॉल्बी अॅटमॉसची डिस्क असूनही अॅटमॉस उमटत नसेल, तर मेनूतला ‘सेकंडरी ऑडिओ’ बंद करून बघा.

आणि सोन्याचा मुलामा दिलेली वायर? डिजिटल जोडणीत तिने आवाज गोड होत नाही. धड बनवलेली, हवी तेवढीच लांब वायर पुरते. उरलेले पैसे स्पीकरवर घाला.

घरात नाट्यगीतांच्या आणि अभंगांच्या सीडीच जास्त वाजत असतील, तर त्यात मुळात दोनच चॅनल असतात. त्यांना साधी लाल-पांढरी पिनही चालते. कुठलीही वायर जोडताना विजेचा प्लग तेवढा काढून ठेवा.