गीतांतील गूढार्थ

म्हसावदसारख्या गांवींहि आतां जगांतील गाणीं मोबाइलवर ऐकूं येतात. मागील सत्रांत एक पालक आमच्याकडे येऊन चिंतेनें म्हणाले, "सर, मुलगा इंग्रजी गाणीं ऐकतो. तीं उलटीं वाजविलीं तर त्यांत सैतानाची स्तुति निघते म्हणतात. हें खरें काय?"

गीतांत गूढार्थ असतो, हें महाराष्ट्रास नवें नाहीं. पैठणच्या एकनाथांचें (१५३३–१५९९) विंचवाचें भारूड ऐकतांना श्रोता प्रथम हंसतो. परंतु तो विंचू म्हणजे काम व क्रोध, हें कवि स्वतःच उघड करितो आणि त्यावरील उताराहि सांगतो. येथें किल्ली गीतांतच आहे.

आतां दुसरी बाजू पाहा. बीटल्स ह्या इंग्रज गायकांनीं १९६७ सालीं 'ल्यूसी इन द स्काय विथ डायमंड्स' हें गीत प्रसिद्ध केलें. त्यांतील तीन नामांच्या आद्याक्षरांवरून एल-एस-डी ह्या मादक द्रव्याचें नांव लोकांनीं ताडिलें. जॉन लेनन ह्यांनीं मात्र, आपल्या लहान मुलानें काढिलेल्या चित्रास दिलेलें तें नांव होय, असें सांगितलें. १९६९ सालीं त्यांचींच गाणीं उलटीं वाजवून पॉल मॅकार्टनी वारल्याचा पुरावा लोकांनीं शोधिला. ते तर पुढें अनेक दशकें गात राहिले! १९८० नंतर अमेरिकेंत आमच्याच कांहीं धर्मबंधूंनीं लेड झेपेलिनच्या 'स्टेअरवे टु हेवन' ह्या १९७१ च्या गीतावर सैतानस्तुतीचा आरोप केला. उलट्या ध्वनींत नुसता अस्पष्ट नाद असतो. काय ऐकावयाचें तें आधीं सांगितलें, कीं कान तेंच ऐकतो.

म्हणून आमचें मत असें कीं, अर्थ गीतांतून काढावा, गीतांत घालूं नये. पुराव्यावांचून कवीवर दोष ठेवणें ही खोटी साक्षच होय.

त्या पालकांस आम्हीं सुचविलें, "मुलाजवळ बसा, गाणें सुलटेंच ऐका व शब्दांचा अर्थ त्यालाच विचारा. गीत वाईट असेल तर तें उघड शब्दांतच दिसेल." आणि विद्यार्थ्यांनो, "आम्हांस केवळ चाल आवडते," ही सबब तुम्हीहि सांगूं नका. जें ओठांवर खेळवितां, त्याचा अर्थ जाणणें हें तुमचें कर्तव्य आहे. बाप व मुलगा एक गाणें समजून ऐकूं लागले, तर घरांतील पुष्कळ संशय आपोआप फिटतील.