आमचे पोतदारसाहेब

अच्युत पोतदार १८ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्यात वारले आणि आकुर्डीतल्या चहाच्या टपरीवर अभियांत्रिकीची पोरं त्यांची नक्कल करू लागली. ‘थ्री इडियट्स’मधला (२००९), यंत्राची व्याख्या विचारणारा तो वैतागलेला प्राध्यापक! पोरांना तेवढेच पोतदार ठाऊक.

मला ठाऊक होते ते नोकरदार पोतदार. आधी प्राध्यापकी, मग लष्करात कॅप्टन, पुढे जवळपास २५ वर्षं इंडियन ऑइलमध्ये अधिकारी. सिनेमात आले ते चाळिशी उलटल्यावर. ‘आक्रोश’ (१९८०), ‘अर्धसत्य’ (१९८३), ‘तेजाब’ (१९८८), ‘परिंदा’ (१९८९) ही सारी कामं नोकरी सांभाळून केलेली. निवृत्त झाले ते १९९२ साली, वयाच्या ५८व्या वर्षी. दिवसभर बँकेत आकडे जुळवून रात्री कादंबरीची पानं खरडणाऱ्या मला हा केवढा आधार! (चित्रीकरणासाठी रजा कशी मिळवत असतील, हे कोडं मात्र सुटलं नाही.) आमच्या शेजारी पाळीवरून आल्यावर पेटी घेऊन बसणारे एक कामगार होते. ‘नोकरी तरी धड कर, नाहीतर पेटी,’ असं सगळे त्यांना सुनावत. मी त्यांना पोतदारांचं नाव सांगे. ते हसत, पण पेटी मिटत नसत.

पोतदारांची कामं छोटी असत, पण माणूस ओळखीचा वाटे. हिशेब चोख ठेवणारा, आवाज चढवला तरी मनात राग न धरणारा. २०२० साली ‘माझा होशील ना’ मालिकेत ते आप्पा झाले. आप्पा कुणावर डाफरले की आमची ही टीव्हीकडे न बघता माझ्याकडे बघायची.