रॅगटाइम : हुकलेल्या ठोक्याचे संगीत

अमिरातीतील आपल्या अनेक घरांतून हल्ली मुलांसाठी कीबोर्ड आणलेला दिसतो. त्यावर शिकाऊ बोटांनी वाजणारी एक धून आमच्या कानी वारंवार पडते : 'दि एंटरटेनर'. ही धून १९०२ सालची. तिचे रचनाकार स्कॉट जॉप्लिन हे अमेरिकेतील एकेकाळच्या गुलामाचे पुत्र होत, हे वाजविणाऱ्या मुलास बहुधा ठाऊक नसते, आईवडिलांसही नसते.

या संगीतास रॅगटाइम म्हणतात. डावा हात खर्जाचा स्वर व स्वरमेळ आलटून पालटून वाजवीत ठेका सोडत नाही. उजवा हात मात्र ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे जोर देत खेळतो. आम्ही वैद्यक व्यवसायातले. नाडीचा ठोका असा हुकला की आम्ही लगेच कार्डिओग्राम काढावयास सांगतो. येथे त्याच हुकण्यावर सव्वाशे वर्षे माणसांचे पाय थिरकत आले आहेत! रॅगटाइम घाईने वाजवू नये, अशी जॉप्लिन यांची सक्त सूचना होती. आपली मुले नेमके तेच करतात.

जॉप्लिन यांची आई गोऱ्यांच्या घरी साफसफाई करी, आणि तिचे काम चालू असता मुलगा तेथील पियानोवर हात चालवी. पुढे एका जर्मन शिक्षकाने त्यास विनामूल्य शिकविले. गुत्त्यांतून वाजणारे, हलके मानले गेलेले संगीत त्यांनी स्वरलिपीत बांधून छापविले. 'मेपल लीफ रॅग'च्या १८९९ च्या करारात त्यांना प्रतीमागे एक सेंट मिळावयाचा होता. १९१७ साली ते वारले. थडग्यावर नाव लागावयास १९७४ उजाडले. १९७३ च्या 'दि स्टिंग' चित्रपटाने त्यांची धून पुन्हा जगभर गेली आणि १९७६ साली मरणोत्तर पुलित्झर सन्मान आला.

'ट्रीमोनिशा' ही त्यांची संगीतिका १९११ साली त्यांनी पदरमोड करून छापली. शिकलेली एक तरुण मुलगी आपल्या वस्तीस मांत्रिकांच्या तावडीतून सोडविते, ही तिची कथा आपल्या वाचकांस परकी वाटू नये. छापील प्रत होती, म्हणून १९७२ मध्ये ती रंगमंचावर येऊ शकली. त्याआधीची 'अ गेस्ट ऑफ ऑनर' (१९०३) मात्र नाहीशी झाली. बुकर टी. वॉशिंग्टन यांना राष्ट्राध्यक्षांनी व्हाइट हाउसमध्ये भोजनास बोलाविल्याच्या १९०१ च्या घटनेवर ती होती. तिचा एक स्वरही आज उपलब्ध नाही.

मुंबईशीही या संगीताचे नाते आहे. रॅगटाइममधून पुढे आलेले जॅझ १९३० नंतरच्या दशकात कृष्णवर्णीय वादकांनी ताजमहाल हॉटेलात वाजविले. चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांमार्फत त्याचा रंग सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'त (१९५१) उतरला. त्या गाण्यांवर आपल्या वडीलधाऱ्यांनीही ताल धरला असेल.

आमच्या मनात येतात ती आपल्या जलशांची गाणी. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांची पदे पुष्कळांना मुखोद्गत आहेत. पण शाहिराचे नाव बहुधा शेवटच्या कडव्यात गुंफलेले असते, आणि समारंभात वेळ अपुरा पडला की ते कडवेच गाळले जाते. गावोगावच्या कमी प्रसिद्ध शाहिरांची पदे तर केवळ आजी-आजोबांच्या कंठात आहेत. सुट्टीत मायदेशी जाल तेव्हा ती ध्वनिमुद्रित करावीत, शेवटचे कडवे आवर्जून विचारावे आणि कर्त्याच्या नावागावासह पुढील स्मरणिकेसाठी आमच्याकडे पाठवावीत.