दुसऱ्यांच्या शेजारी आपली गाणी

‘कॅबरे’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हेलनच येते. पिसांचा टोप, झगमगते दिवे! पण 1920 नंतरच्या बर्लिनमधला कॅबरे म्हणजे छोटंसं व्यासपीठ, एक पियानो आणि भल्याभल्यांना चिमटे काढणारी गाणी. आपल्या तमाशातल्या बतावणीच्या जवळचा प्रकार म्हणा ना. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि यातली कितीतरी मंडळी देशोधडीला लागली. संगीतकार कुर्ट वाईल त्यांतलेच. ब्रेख्टबरोबर त्यांनी 1928 मध्ये केलेलं ‘थ्री पेनी ऑपेरा’ पु. लं.नी ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून मराठीत आणलं, तेव्हा हे घराणं आपल्याला अगदीच परकं नाही.

उटे लेंपर ही जर्मन गायिका वाईलची गाणी गाऊनच नावारूपाला आली. जन्म 1963 चा, म्युन्स्टरचा. पॅरिसला ‘कॅबरे’ नाटकातली सॅली केली, लंडनला ‘शिकागो’तली वेल्मा. सगळं गाजलं, पण शब्द आणि चाल बहुतेक दुसऱ्याची. 2002 साली ‘बट वन डे’ हा अल्बम आला. त्यात मात्र वाईल, ब्रेल, पियाझोला अशा दिग्गजांच्या पंगतीत तिने स्वतः रचलेली गाणी मांडली. वय 39, पदरी दोन मुलं.

खरं सांगू? तिची गाणी वाईलच्या तोडीची नाहीत. शेजारच इतका भारी आहे! वाईलची चाल हसता हसता बोचते. हिची त्यामानाने सैल वाटतात. मग वेगळा अल्बम काढायचा होता, असं कुणी म्हणेल. मला नाही पटत. आपल्या आज्या जात्यावर काय करत होत्या? आईकडून आलेल्या ओव्या म्हणता म्हणता मध्येच आपल्या भावाचं नाव, आपला सासुरवास गुंफायच्या. कुठली ओवी कुणाची, हे कुणी विचारत नसे, म्हणून पदरचं घालायची भीतीही नसे. लेंपरला मात्र नावानिशी सांगावं लागतं की हे माझं, आणि लगेच लोक ताजवा घेऊन बसतात. आम्ही बायका त्यात पुढे, बरं का!

ऐकायचा असेल तर कामं उरकल्यावर ऐका, कुकरच्या शिट्ट्यांत नको. मी तर आधी तिचीच गाणी लावते, वाईल मागाहून. तेवढीच तिच्या बाजूने सवलत.