रुग्णाचे वेगळे ताट

घरातील वडीलधाऱ्या माणसास रक्तदाबाचा विकार जडला की आपल्या स्वयंपाकघरांत एक शिरस्ता पडतो: वरणात मीठ घालण्यापूर्वी त्यांच्यापुरती वाटी बाजूला काढली जाते, त्यांच्या ताटाची डावी बाजू लोणचे-पापडावाचून मोकळी राहते, आणि बाकीचे घर आपल्या नित्याच्या चवीने जेवत असते. यात माया असते, काळजीही असते. परंतु मीठ केवळ रुग्णाला बाधते, आणि तेही रक्तदाबाचा आकडा चढला तरच, ही जी समजूत या व्यवस्थेच्या मुळाशी आहे, ती मला सर्वस्वी चुकीची वाटते.

रक्तवाहिनी म्हणजे निर्जीव नळी नव्हे. तिच्या आतील अंगास पेशींचा एकपदरी अंतःस्तर असतो, आणि रक्ताचा ओघ वाढला की हा स्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण करून भोवतालच्या स्नायूस सैल होण्याचा हुकूम देतो. या वायूचे कार्य उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आहारात मिठाचे प्रमाण वाढले म्हणजे ऑक्सिजनची काही उपद्रवी रूपे वाहिनीच्या भिंतीत वाढतात, ती हा वायू जागच्या जागी नष्ट करतात, आणि वाहिनीची प्रसरणशक्ती क्षीण होते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णात ती मुळातच उणावलेली असते. गोळीचे उपकार मोठे आहेत, ती नियमित घेतलीच पाहिजे; पण ‘गोळी चालू आहे ना, मग एक फोड खाऊ द्या’ असे जे प्रेमाने म्हटले जाते, त्यात कित्येक गोळ्यांचा गुणच अतिरिक्त मिठाने कमी होतो याचा विसर पडलेला असतो.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना एकदा अल्प मिठाचे आणि एकदा भरपूर मिठाचे जेवण दिले, तेव्हा खारट जेवणानंतर अवघ्या अर्ध्या तासात त्यांच्या हाताच्या रोहिणीची प्रसरणशक्ती घटलेली आढळली. रक्तदाबात मात्र दोन्ही वेळा म्हणण्यासारखा फरक नव्हता. आकड्याने तक्रार नोंदविण्यापूर्वीच वाहिनीला मीठ जाणवते, ते असे. उलट बाजूही तितकीच आश्वासक आहे. कोलोरॅडो विद्यापीठात रक्तदाब काहीसा चढलेल्या प्रौढ व वृद्ध माणसांचे मीठ चार आठवडे कमी केले असता, त्यांच्या अंतःस्तराचे कार्य पुष्कळ सुधारले.

म्हणून वेगळी वाटी नको. सगळ्या घराचेच मीठ उतरावे. एकट्याने अळणी खाणारा माणूस पंक्तीत परका होतो, आणि चार दिवसांत चोरून लोणच्याच्या बरणीकडे वळतो, याचा दोष मी त्याला देणार नाही. त्याच्या मुलांच्या रक्तातही या विकाराचा वारसा असण्याचा संभव असतो. मीठ हळूहळू कमी केले तर जीभ काही आठवड्यांत नव्या चवीला रुळते, आणि कोकम, लिंबू, ओले खोबरे, कोथिंबीर यांनी आपल्या स्वयंपाकाला तोलून धरण्याचे सामर्थ्य आहेच. सैंधव वा काळे मीठ हे मात्र सोडियमच्या हिशेबात मीठच होय. पोटॅशियमयुक्त मिठाने चीनमधील खेड्यांत पक्षाघाताचे प्रमाण घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले खरे, तथापि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून वापरू नये.

राहता राहिले सरकारचे कर्तव्य. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढास दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, मीठ पुरेसे मानले आहे. आपल्याकडे फरसाणाच्या पुडीमागे बारीक अक्षरांत सोडियमचे मिलिग्रॅम छापलेले असतात. त्यास अडीचने गुणले म्हणजे मिठाचा आकडा मिळतो, हे सामान्य गिऱ्हाइकाने कोठून जाणावे? चिलीने २०१६ पासून अतिखारट जिन्नसांच्या दर्शनी भागावर काळी अष्टकोनी खूण सक्तीची केली. तशीच खूण आणि मिठाचे ग्रॅम, मराठीत व ठळक अक्षरांत, आपल्या पुड्यांवर छापण्याचे फर्मान निघाले पाहिजे, आणि सरकारी वसतिगृहे व रुग्णालयांच्या मुदपाकखान्यांपासून मिठाचे प्रमाण बांधून देण्यास आरंभ झाला पाहिजे.